विमा कंपनीशी सोयरीक

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार. सकाळी, घर रिकामं झाल्यावर.

नातीनं, साईप्रियानं, फोनमध्ये सोय करून दिली आहे. मी बोलायचं, तो लिहितो. मला अक्षर येत नाही. घरात बाकीच्यांना तमिळ येतं, इंग्रजी येतं, पण मराठी आम्ही सगळे नुसती बोलतो. तिचं अक्षर एकालाही वाचता येत नाही. म्हणजे ही रोजनिशी कुणीच वाचू शकत नाही, मीसुद्धा नाही. एवढी सुरक्षित जागा तंजावुरात दुसरी नसेल.

आज लाज वाटावी असं कानावर आलं. रघुराम, माझा मुलगा, अंबुजाला सांगत होता की त्याच्या ऑफिसनं हेल्थ इन्शुरन्समधून आईवडलांना काढून टाकलं. आता घरासाठी मिळून एक पॉलिसी घ्यायची, तर तिचा भाव घरात सगळ्यांत म्हातारं कोण ते बघून ठरतो. म्हणजे मला बघून. नातीच्या तापाचा भाव माझ्या पांढऱ्या केसांवरून! अंबुजा म्हणाली, असू दे, अम्मा काय परक्या आहेत?

ते ‘असू दे’ फार लागलं. सुनेनं कटकट केली असती तर निदान भांडता आलं असतं.

निश्चय: माझी पॉलिसी वेगळी. एकटीची, ह्यांच्या माघारी मिळते त्या पेन्शनमधून. निवडणार मीच. मेल वीधी ह्या रस्त्यावरच्या निम्म्या मराठी घरांची लग्नं मी जुळवली. जिनं माणसं निवडली तिला प्लॅन निवडायला कितीसा वेळ?

८ ऑक्टोबर, बुधवार. दुपारी.

भरद्वाज येऊन गेला. माझ्या मैत्रिणीच्या, कमलाक्षीच्या, बहिणीचा मुलगा. विम्याचा एजंट आहे. मी रव्याची सोज्जी आणि कच्च्या केळ्याची भजी केली होती, इथं मुलगी बघायला येतात तेव्हा करतात तशी. मला पाटी म्हणतो, तमिळमधली आजी. म्हणाला, पाटी, मी प्लॅन दाखवायला आलोय, मुलगी बघायला नाही. म्हटलं, खा गप्प.

तीन स्थळं आणली होती. पहिलं स्वस्त, कागदावर हसरे म्हातारा-म्हातारी, सगळे दात शाबूत. खोदून विचारलं तर कळलं, हॉस्पिटलच्या प्रत्येक बिलातला पाचवा हिस्सा आपण भरायचा. हुंडा नको म्हणतात आणि मांडवात स्कूटर मागतात, ती जात. दुसऱ्याला खोलीच्या भाड्याची मर्यादा. त्याहून बरी खोली घेतली तर अख्ख्या बिलाला कात्री. कंजूष घर, मुलगी वाळून जाईल. तिसरं महाग, पण बोलणं सरळ. एकच अट, की आधीपासून आजार असेल तर त्याचा खर्च तीन वर्षं मिळणार नाही. साखरपुडा करून तीन वर्षं थांबायचं.

पण आजारच नसेल तर थांबायचं कशाला? भरद्वाजनं विचारलं, पाटी, शुगर, बीपी, काही? म्हटलं, काही नाही.

खरंच नाही. मागे डॉक्टर म्हणाले होते, बॉर्डरवर आहे. बॉर्डरवर म्हणजे अलीकडेच की. रोजची गोळी आहे ती पलीकडे जाऊ नये म्हणून. गोळीचं घरात कुणाला ठाऊक नाही. अंबुजाला थायरॉइडची गोळी सुरू झाली तेव्हा मीच म्हणाले होते, आमच्या वेळी बायकांना गोळ्या माहीत नव्हत्या, कामं माहीत होती. आता कुठल्या तोंडानं सांगू?

९ ऑक्टोबर, गुरुवार.

कमलाक्षीकडे गेले. तिनं तिच्या कंपनीला सगळं सांगितलं होतं, शुगर, बीपी, गुडघे. पैसे जास्त घेतले, पण डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मुकाट्यानं दिलेही. मला म्हणते, तूही सांगून टाक.

तिला समजावलं की सोयरिकीत विचारतील तेवढंच सांगायचं. गाठ पडल्यावर बाकीचं आपोआप कळतं, आणि तेव्हा कुणी मुलगी परत पाठवत नाही. कमलाक्षी म्हणाली, मुलगी परत पाठवत नाहीत गं, क्लेम परत पाठवतात. मग जुनं काढलं. म्हणाली, माझी लेक गाते असं तू तिच्या सासरी सांगितलं होतंस, ते अजून गा म्हणतात.

गायली होती. शाळेत एकदा, सगळ्यांबरोबर.

कमलाक्षीचं वय झालं. तिरकं बोलते हल्ली. तिसरं स्थळ पक्कं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार. संध्याकाळी.

कंपनीचा फोन आला. चेन्नईची मुलगी, नाव लावण्या, बोलणं मधासारखं. म्हणाली, अम्मा, हा कॉल रेकॉर्ड होतोय. म्हटलं, होऊ दे, आवाज अजून चांगला आहे माझा.

शुगर? इल्लै, नाही. बीपी? इल्लै. रोजच्या गोळ्या? इल्लै. इतक्या वेळा इल्लै म्हटल्यावर खरोखरच काही नाही असं वाटायला लागलं. अंग हलकं झालं.

मग म्हणाली, घरातल्या दुसऱ्या कुणाशी बोलायचंय. अंबुजा नुकती शाळेतून आली होती, शेवटचं इल्लै तिच्या कानावर पडलं असणार. ती गणित शिकवते. दारात चपला काढत होती, तिथंच फोन तिच्या हातात दिला. सासूबाईंना काही आजार, काही औषधं? अंबुजा थांबली. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, इल्लै. फोन परत दिला आणि आत गेली.

तिला ठाऊकच नाही, तर ते खोटं कसं होईल? थांबली ती चपलेचा पट्टा अडकला म्हणून.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार.

भरद्वाज म्हणतो, माझ्या वयाला रक्तही तपासतात. दिवाळी झाली की घरी येऊन घेतील. आधी का नाही सांगितलं? म्हणे, सांगितलं होतं पाटी, तुम्ही भजी वाढत होता.

हरकत नाही. मुलगी दाखवायच्या आधी हळद लावतोच ना? आजपासून गोड बंद. रोज कारलं. पहाटे मेथीचं पाणी. संध्याकाळी शिवगंगा पार्कला तीन फेऱ्या.

१८ ऑक्टोबर, शनिवार.

कारलं झालं. पार्कपर्यंत ऑटोनं गेले. बाकावर ओळखीच्या बायका भेटल्या, एकीचा मुलगा लग्नाचा आहे. फेऱ्या उद्या.

२० ऑक्टोबर, सोमवार. दिवाळी.

कमलाक्षीनं तिरुवैयारूचा अशोका हलवा पाठवला. घेतला नाही तर घरात संशय येईल, म्हणून एक चमचा. एका चमच्यानं चव नीट कळत नाही, आणि ती विचारणार, कसा होता? म्हणून आणखी दोन. पुरणपोळी नैवेद्याची होती, तिला गोड म्हणत नाहीत.

उद्यापासून अगदी कडक.

२२ ऑक्टोबर, बुधवार.

दोन दिवस ताक आणि कारलं. डोळ्यांपुढे अंधारी येते. अंबुजानं विचारलं, अम्मा, काय होतंय? म्हटलं, व्रत आहे. कुठल्या देवाचं, ते तिनं विचारलं नाही. बरी आहे मुलगी.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी.

लॅबची बाई आली. मी न्हाऊन, रेशमी नेसून बसले होते. हात पुढे केला आणि म्हटलं, घे, उपाशीपोटी आहे, बघ किती कमी येते. ती म्हणाली, उपाशीपोटीची येईलच अम्मा, पण त्याबरोबर आणखी एक करतात, त्यात मागच्या तीन महिन्यांची सगळी शुगर कळते.

तीन महिन्यांची! मीच मुलीकडच्यांना सांगायचे, बघण्याच्या दिवशी मुलाला बघू नका, त्याच्या शेजाऱ्यांना विचारा. ह्या कंपनीनं माझ्या शेजाऱ्यांना विचारलं, आणि ते शेजारी माझ्याच रक्तात बसलेले.

तरी काळजी नाही. तीन महिन्यांत कडक दिवस दोन धरले तरी सरासरी खाली यायलाच हवी. हिशेब अंबुजाला विचारावा असं वाटलं. विचारला नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार. संध्याकाळी.

भरद्वाज आला. बसला नाही. कॉफी नको म्हणाला. रघुराम घरी होता.

कंपनीनं नाही म्हटलं. भरद्वाज म्हणतो, शुगर असली म्हणून नव्हे, तेवढ्याला थोडे पैसे वाढवून घेतलं असतं. लपवली म्हणून. आणि आता दुसऱ्या कुठल्या कंपनीकडे जा, त्यांचा प्रश्न ठरलेला, आधी कुणी नाकारलं आहे का? मोडलेली सोयरीक. पुढच्या प्रत्येक दारात ती आपल्या आधी पोचते.

मग खाली बघत म्हणाला, अंबुजाक्कांचाही आवाज आहे रेकॉर्डवर.

रघुराम तिच्याकडे वळला. तुला ठाऊक होतं? ती म्हणाली, हो. दोन वर्षांपासून. देवाच्या फळीमागे गोळ्यांची पट्टी पडलेली सापडली, तशीच परत ठेवली. तेव्हापासून माझ्या कॉफीतली साखर ती थोडी थोडी कमी करत आली आहे. आणि मी दोन वर्षं शेजारी सांगत फिरतेय की आमच्या सुनेचा हात आखडता.

मग इल्लै का म्हणालीस, त्यानं विचारलं. म्हणाली, अम्मांनी माझ्यासमोर इल्लै म्हटलं होतं. परक्या बाईपुढे त्यांना खोटं पाडू?

रघुराम खूप बोलला तिला. मुलांना शिकवतेस, आणि रेकॉर्ड होणाऱ्या फोनवर खोटं? आईचं वय झालं, तुला अक्कल नको? ती ऐकत उभी. भरद्वाज भिंतीकडे बघत. मी बोलायचं होतं. तेवढ्यात देवाजवळ दिवा लावायची वेळ झाली, म्हणून उठले.

दिवा लावलेलाच होता. अंबुजानंच लावला होता. मी वात पुढेमागे करत राहिले, तो बोलायचा थांबेपर्यंत.

३० ऑक्टोबर, गुरुवार.

काल बोलले नाही ते बरंच झालं. रागावलेल्या माणसाला काही सांगितलं की राग वाढतो. अंबुजासाठीच गप्प राहिले.

सकाळी तिनं कॉफी दिली. बिनसाखरेची, उघड उघड. मी छान झाली म्हटलं. ती डबा भरायला वळली.

उद्या रघुरामला सांगणार. शांतपणे, ह्या शब्दांत: चूक माझी.

१ नोव्हेंबर, शनिवार.

काल त्याला डोकं दुखत होतं. आज सकाळी सांगणार होते, तर राहुकाल. तो संपला तेव्हा त्याचं जेवण, मग झोप, मग फोन.

नवराबायको साईप्रियाच्या तोंडून बोलतात. अप्पांना विचार दही हवं का. अम्माला सांग नको. पोरगी वैतागून म्हणाली, पाटी, ह्यांचं लग्न तूच जुळवलं होतंस ना, मग बघ जरा.

उद्या नक्की.

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी.

रघुराम फोनवर भरद्वाजला सांगत होता, दुसरी कंपनी बघ, आणि ह्या वेळी अंबुजाशी बोलू नका म्हणून त्यांना सांग. ती तिथंच डोसे घालत होती. उलथनं हातात राहिलं, डोसा करपला.

तेव्हा तोंडातून निघालं. ठरवलेले शब्द आठवले नाहीत. म्हटलं, अरे, तिला काय बोलतोस, खोटं माझं होतं. ती माझी लाज राखायला बोलली आणि मी तिची राखली नाही.

वाटलं, आता तो माझ्यावर ओरडेल, आणि ओरडला की मोकळं वाटेल. तो म्हणाला, ठाऊक आहे, आई. तुला काय बोलणार? म्हणून तिला बोललो.

अंबुजानं गॅस बंद केला आणि आत गेली. आम्ही दोघं करपलेल्या डोशाकडे बघत बसलो. थोड्या वेळानं तो उठून तिच्या मागे गेला. काय बोलले ते ऐकायला मी दारापर्यंत गेले नाही. अर्ध्यातून परतले.

५ नोव्हेंबर, बुधवार. संध्याकाळी.

दुसऱ्या कंपनीचा फोन. मीच म्हटलं, सगळे बसा, स्पीकर लावा. मनात होतं, ताठ बसून सगळं खरं सांगायचं, आणि फोन संपला की सगळे म्हणतील, बाई म्हणजे अशी असावी.

शुगर? आमा, हो. गोळी? आमा. आधी कुणी नाकारलं? आमा. का नाकारलं? लपवलं म्हणून. इल्लै म्हणायला एक क्षण लागायचा. प्रत्येक आमाला पाणी प्यावं लागलं.

मग म्हटलं, मुली, आणखी एक लिहून घे. मागच्या वेळी माझी सून इल्लै म्हणाली ते माझ्यामुळे. ती खोटं बोलणाऱ्यातली नाही. पलीकडची म्हणाली, अम्मा, हे लिहायला इथं जागा नाही. म्हटलं, कुठंतरी कोपऱ्यात लिही. म्हणाली, कॉम्प्युटरला कोपरा नसतो, अम्मा. अंबुजा खाली बघत होती, पण ओठ हलला. हसली असावी. किंवा नसावी.

पुढचा प्रश्न. तंबाखू?

इल्लै अगदी जिभेवर आलं होतं. समोर अंबुजा बसलेली. म्हटलं, विड्यात. कधीतरी. कधीतरी म्हणजे केव्हा, अम्मा? म्हटलं, जेवणानंतर. कुठल्या जेवणानंतर? म्हटलं, दोन्ही.

रघुराम उभाच राहिला. साईप्रिया पाटी म्हणून किंचाळली, तेही रेकॉर्ड झालं असणार. मी अंबुजाकडे बघितलं. तिचं तोंड उघडं. हे तिलाही ठाऊक नव्हतं. एवढ्या वर्षांत तिच्यापासून खरोखर लपलेलं असं माझं हे एकच होतं, आणि तेही मीच सांगून बसले.