नवव्या दिवशी हिरवं पाणी

प्रिय मेत्का,

आधी डबे उतरवून घे. बारा आहेत, मोजून घे. विन्को गप्पांत रमला की त्याच्या बसमधलं सामान शेवटच्या थांब्यापर्यंत फुकट फिरून येतं. सगळं आपल्या अंगणातल्या टाकीचं पावसाचं पाणी आहे, दोनदा गाळून उकळलेलं. ऊलाचं दूध यातच कालव, तिला न्हाऊही यातच घाल. तुमच्या नळाला आजपासून हात लावू नकोस. का, ते सांगते. पण माझं सांगणं तुला ठाऊक आहे. मला समोर जायचं असलं तरी मी आधी शेजारच्या पेपाच्या दारावरून वळसा घालते.

रविवारी मी फोनवर म्हटलं की शाळेनं सोडलेला हिरवा रंग तान्ह्या बाळाला बाधतो. तू हसलीस. ‘अगं आई, त्या नेझाबाईंनी पोरांसमोर तो रंग कालवलेलं पाणी पेलाभर पिऊन दाखवलं. तू कसली भित्री!’ खरं आहे, रंगात काही वाईट नाही. मी खोटं बोलले आणि तेही मला धड जमलं नाही. आज सकाळपासून तीनदा तुला फोन लावला. तिन्ही वेळा तू उचललास आणि तिन्ही वेळा मी ‘जेवलीस का’ एवढंच विचारलं. सकाळी आठ वाजता! तुला वाटलं असेल, म्हातारी भ्रमिष्ट झाली. म्हणून आता कागद घेऊन बसले आहे. बस तीनला सुटते, तोवर मला हे लिहून संपवायचं आहे.

त्या रंगाची गोष्ट मीच सुरू केली, हे तुला कुणी सांगितलं नसेल. शाळेत यंदा एक नवा विषय आलाय, परिसराची ओळख म्हणतात त्याला. आमच्या वेळी परिसराची ओळख म्हणजे कुठल्या शेताच्या कुंपणातून नासपती चोरता येते ते. तो शिकवणारी नेझा अजून तिशीचीही नाही, शहरातून आलेली आहे, पण पोरगी गोड आहे. तिनं पहिल्याच दिवशी पोरांना विचारलं, ‘तुम्ही एखादी वस्तू फेकून दिलीत, म्हणजे ती कुठे गेली?’ पोरं म्हणाली, विवरात. आपल्या कामेनी दोलची पोरं दुसरं काय म्हणणार? मेलेली शेळी विवरात, फुटकं धुण्याचं यंत्र विवरात, पेपाच्या नवऱ्याची अख्खी मोटार विवरात. आपल्या डोंगरावर काही पुरायचं तर हातभर मातीखाली खडक लागतो. आणि विवराला तळ नाही, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. नेझानं पुढे विचारलं, ‘आणि विवरातून कुठे?’ मग कुणीतरी म्हणालं, युस्तिनाआजीला माहीत आहे, तिला गोष्ट येते.

तर मला शाळेत बोलावणं आलं. मी ठेवणीतला रुमाल बांधून गेले, लाकडी खुर्चीवर राणीसारखी बसले आणि गोष्ट सांगितली. तीच ती, वरच्या गावातल्या विधवेची आणि खाली तुमच्या पोद्विरला दिलेल्या तिच्या लेकीची. बर्फानं वाट बंद झाली की आई चीज लाकडी बुधल्यात भरून विवरात सोडायची आणि नवव्या दिवशी लेक ते आपल्या दारच्या झऱ्यातून काढायची. पोरांनी मला भंडावून सोडलं. चीज ओलं नाही झालं का? बुधला अडकला तर? मी म्हटलं, अरे, माझ्या आजीला विचारा, मी तिथे होते का? शेवटचा भाग मात्र मी गाळला. का गाळला, हे तेव्हा माझं मलाही कळलं नव्हतं.

नेझाच्या डोळ्यांत चमक आली. ‘मावशी, खरी आहे का बघू या तुमची गोष्ट.’ पंधरा दिवसांनी पाऊस पडून गेल्यावर आम्ही सगळे विवरावर गेलो. पोरं दोरीच्या अलीकडे उभी केलेली, नेझाच्या हातात रंगाची बरणी. पोरांनी हट्ट धरला की आजीनंच ओतायचं. मी नको नको म्हणत होते, पण सगळे म्हणाले, आजी लाजतेय. मग ओतलं. आधी लाल दिसलं, विवरात पडणाऱ्या ओढ्याच्या पाण्याला लागलं आणि असं काही हिरवं झालं की पोरं ओरडलीच. मी कठड्याला धरून उभी होते. नेझा म्हणाली, ‘मावशी, चक्कर येतेय का?’ मी म्हटलं, सकाळपासून पोटात काही नाही. पोट तुडुंब भरलेलं होतं ग.

मग नवव्या दिवशी तुझा फोन. ‘आई, आमचं पाणी हिरवंगार झालंय! सगळं गाव झऱ्यावर जमलंय. तुझी गोष्ट खरी निघाली!’ आणि मग तू म्हणालीस, ‘म्हणजे माझी रोझमेरीसुद्धा पोचली असणार.’ मला वाटलं होतं तू ते विसरली असशील. तुझ्या लग्नाच्या सकाळी तुझ्या वेणीतली रोझमेरीची डहाळी काढून मी विवरात टाकली होती. हसून म्हटलं होतं, जा तू पुढे, ही येते मागून. तेरा वर्षं झाली. माझी एकुलती एक पोर मी त्या झऱ्याकाठी दिली, स्वतः सून म्हणून पाठवली, आणि त्या दिवशी मला ते आठवलंसुद्धा नाही. मेत्का, यावर तू विश्वास ठेवणार नाहीस, पण खरंच आठवलं नाही. माणूस विसरायचं म्हणतो आणि खरोखर विसरतो.

आता ते सांगते. तू सात वर्षांची होतीस. रस्त्याच्या वळणावर विजेचे खांब मुरवायचा कारखाना होता ना, जिथे तुझे बाबा ट्रॅक्टर चालवायचे, तो त्या वर्षी बंद पडला. लाकडाला कीड लागू नये म्हणून खांब ज्या औषधात बुडवायचे, त्याची अठरा पिंपं मागे उरली. वरच्या साहेबानं तुझ्या बाबांना बोलावलं. ‘लोय्झे, हे नाहीसं कर. कुठे, ते मला सांगू नकोस. ट्रॅक्टर तुझा.’ तुझा लाडका लाल ट्रॅक्टर असा आला. तू त्याच्यावर बाबांच्या मांडीत बसायचीस, त्यांच्या कोटात तोंड खुपसून, आणि मी दारातून बघून म्हणायचे, देवानं दिलं.

सेंट मार्टिनच्या रविवारी सगळं गाव चर्चमध्ये होतं. तुला आजीबरोबर पाठवलं आणि माझं डोकं दुखतंय असं सांगितलं. दोन खेपा केल्या. तुझे बाबा पिंप कडेला आणायचे आणि मी फळीनं ढकलायचे. पहिलं पडलं तेव्हा मी आकडे मोजले. सातव्या आकड्याला खालून आवाज आला आणि त्याच वेळी चर्चची घंटा वाजली. तुझे बाबा म्हणाले, ‘ऐकलंस? याला तळ आहे.’ मी म्हटलं, असू दे, जेवायला उशीर होतोय. हे मी म्हटलं, त्यांनी नाही. त्या वेळी ते थांबले असते. त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, मी नुसतं थांबा म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मग आपण सगळे जेवायला बसलो, बदक होतं, आणि तू विचारलंस की ट्रॅक्टरच्या चाकांना विवराकडची तांबडी माती कशी लागली. बाबा तुझ्यावर ओरडले. त्यांनी तुला ओरडलेलं तेवढंच एकदा.

त्यांच्या हातांची सालं निघायला लागली तेव्हा मी डुकराची चरबी चोळली. डॉक्टरनं विचारलं, कामाला कुठे होते? मी म्हटलं, जंगलात. ते गेल्यावर गावानं म्हटलं, दारूनं यकृत खाल्लं. दारू ते आठवड्यातून एक पेला घ्यायचे, तोही पेपाच्या नवऱ्यानं आग्रह केला तर. मी गावाला बोलू दिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणे! आम्ही वरची माणसं पावसाचं पाणी पितो, आमच्या घशाखाली त्या विवरातला थेंब कधी उतरला नाही. पाणी तुम्ही पिता.

गेल्या उन्हाळ्यापासून तू फोनवर एकेक सांगत होतीस आणि मी ‘हूं हूं’ करत होते. झऱ्याच्या तोंडाशी ते पांढरे आंधळे जीव मरून पडले, तू मोजलेस, चौदा. तुमच्या गावच्या ब्रानेला जाळ्यात ट्राउट मासे मिळेनासे झाले. पावसानंतर नळाला कसलासा वास येतो, जावईबापू म्हणतात क्लोरीन. पत्र्याचं पिंप किती वर्षं टिकतं, ते मला ठाऊक नाही. बत्तीस वर्षं झाली. आणि एक गोष्ट लिहू की नको, असं सकाळपासून चाललंय. ऊलाच्या आधी तुझी तीन वेळा कूस रिकामी झाली. त्याचा याच्याशी संबंध आहे की नाही, ते मला माहीत नाही, कुणालाच माहीत नसेल. पण मी आता रोज स्वयंपाकघरात बसून तीन म्हणते आणि पुढे मला काही करता येत नाही.

आज सकाळी नेझाकडे जाऊन सगळं सांगितलं. वाटलं होतं ती ओरडेल. तिनं वही मिटली आणि एवढंच विचारलं, ‘मावशी, किती पिंपं?’ मग माझ्यासमोरच पाणीखात्याला फोन लावला. ते म्हणाले, आधी नमुना नेऊ, तपासू, मग नळ बंद करायचा की नाही ते बघू. आठवडा लागेल. नेझा फोनवर भांडली ग, तोंड लाल होईपर्यंत भांडली. गुरुवारी गुहेत उतरणारी माणसं दोर घेऊन येतायत. नेमकी कुठली कड, ते दाखवायला मी जाणार आहे. सगळं गाव बघायला येईल. पेपा तर खुर्ची घेऊन येईल. येऊ दे.

गोष्टीचा शेवटचा भाग तुला आठवतो का? लहानपणी तू तो मला सांगू द्यायची नाहीस, कान झाकून घ्यायचीस. एका हिवाळ्यात म्हातारी लेकीवर रुसते, विवरावर जाऊन तोंडाला येईल ते बोलते आणि पाय आपटत घरी येते. दुसऱ्या दिवशी राग उतरतो. पण बोललेलं निघालेलं असतं. बर्फातून धावत खाली जायचं तर वाट बंद. म्हातारी दिवस मोजत बसते. नवव्या दिवशी लेकीच्या दारचं पाणी कडू होतं.

आता खरं सांगते, मेत्का. हे पत्र हिरव्या रंगामुळे लिहिलेलं नाही. रंग बघूनही मी गप्प बसले असते, स्वतःला ओळखते मी. मी पिंपं सडली नसतील म्हटलं असतं, देवाचं नाव घेतलं असतं, तुला रविवारसारखी आणखी चार खोटी कारणं दिली असती. पण काल दुपारी तू फोन केलास. म्हणालीस, ‘आई, परवाच्या पावसानंतर आज ऊलाला टबात घातलं आणि गरम पाण्याच्या वाफेला बाबांच्या कोटाचा वास आला. अगदी तोच, ट्रॅक्टरवरचा. मी तिथेच खाली बसून रडले ग. वाटलं, बाबा नातीला बघायला आले.’ वर म्हणालीस, तुला पण आठवण आली ना? बाळा, ते बाबा नव्हते. त्या कोटाला खांबांच्या औषधाचा वास यायचा. तिला त्या पाण्यात पुन्हा घालू नकोस, वास कितीही आवडला तरी. टब अजून भरलेला असेल तर ओतून टाक. कुठे ओतायचा, ते मात्र मला विचारू नकोस. मी सकाळपासून विचार करतेय, मला एकही जागा सुचत नाही.

तू म्हणशील तोवर तुझीच,
आई