व्हॉल्व्हला रंग लावण्याबाबत

ती. सकवारअक्कांना भव्याचा नमस्कार. गुडघ्याला नवं तेल मानवलं असेल आणि सोंडूरला सगळी खुशाल असतील, असं धरून चालते.

मागच्या पत्रात तुम्ही विचारलंत, “कॅप्टन होतीस, येता-जाता सलाम मिळत होते, ते सोडून बोम्मसंद्राच्या कारखान्यात नळ तपासायला कशाला गेलीस?” सांगते. (नळ नव्हेत, व्हॉल्व्ह. अणुवीज केंद्रात जातात. बाबांनी बनशंकरीच्या गल्लीत ‘मुलगी अणुबॉम्ब करते’ असं सांगितलं आहे. तेव्हापासून त्यांच्या शिंपीकामाच्या दुकानात गिऱ्हाईक वाढलं नाही, पण चौकशा फार होतात.) सहा वर्षं लष्कराच्या गाड्या दुरुस्त केल्या. मग वाटलं, धुराशिवाय वीज तयार होते तिथे आपला हात लागावा. मुलाखतीत हे बोलले तेव्हा समोरचे तिघे कौतुकाने हसले. तुम्हाला लिहिताना मात्र ते अपुरं वाटतं.

घरातली पहिली पदवीधर म्हणून रेशनकार्डापासून विम्यापर्यंत सगळे कागद मीच वाचत आले, तेव्हा कागदांची सवय आहे असं समजत होते. ती नव्हती. इथे एका व्हॉल्व्हबरोबर त्याच्याहून जड फाइल जाते. पोलाद कुठून आलं, सांधा कुणी जोडला, कुणी पाहिला, पाहणाऱ्याचा चष्मा कधी तपासला, सगळं लिहिलेलं. अशात गेल्या आठवड्यात कळलं की ग्राहकाकडून निरीक्षक येणार. अक्का, सहा वर्षांची सवय अंगातून जात नाही. फौजेत साहेब येणार म्हटलं की दगडांना चुना आणि झाडांच्या बुंध्यांना गेरू लागतो. (एकदा ब्रिगेडियर येणार म्हणून आम्ही वाळलेलं गवत हिरवं रंगवलं होतं. साहेबांनी बागेची तारीफ केली.) मी फरशी धुऊन घेतली, खांब रंगवले, आणि तयार ठेवलेले बारा व्हॉल्व्ह मळकट दिसले म्हणून नागनाथअण्णांना, म्हणजे आमच्या कंत्राटी रंगाऱ्यांना, तेही रुपेरी रंगवायला सांगितलं. अण्णा म्हणाले, “मेडम, ह्याला लावतात का?” मी म्हटलं, लावा. थोड्या वेळाने ब्रश हातात तसाच धरून पुन्हा आले, “एकदा विचारून बघायचं का कुणाला?” मी परेडच्या आवाजात म्हटलं, शंका नको, काम हवं. त्यांनी फार सुंदर काम केलं.

निरीक्षक स्मृती मॅडम आल्या. पहिल्या व्हॉल्व्हभोवती दोन चकरा मारल्या, चष्मा काढून पुसला, आणि विचारलं, “सांधा कुठे आहे?” मी छाती काढून सांगितलं, “इतका सफाईदार आहे मॅडम, की दिसतच नाही.” त्या म्हणाल्या, “तोच बघायला मी आले होते.” बारीक चीर असली तर ती उघड्या पोलादावरच दिसते, रंगाखाली लपते. ठोकलेले नंबरही रंगाखाली गेले होते. त्यांनी अर्धी कॉफी घेतली, बाराही व्हॉल्व्ह रोखून ठेवले आणि गेल्या. आता रंग उतरवायचा, पुन्हा तपासायचं. तीन आठवडे.

मग अहवाल. त्यात ‘असे का घडले’ असा रकाना आहे. फौजेत या प्रश्नाला एकच उत्तर शिकवतात, तेच मी लिहिलं: ‘कोणतीही सबब नाही.’ मॅनेजरांनी कागद परत पाठवला. सबब नको, कारण हवं. फोरमन जवळ येऊन हळूच म्हणाले, “मेडम, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, थोडं सांभाळून घ्या. रंगारी चुकून आत आला म्हणून लिहा. तुमची नोकरी अजून कच्ची आहे. त्याचं काय, कंत्राटाचा माणूस, दुसरीकडे लागेल.” ते वाईट गृहस्थ नाहीत, माझ्यासाठी रोज घरची चटणी आणतात. पण नागनाथअण्णा साठीचे आहेत, आणि एवढ्या मोठ्या आवारात ‘ह्याला लावतात का’ हे विचारणारे एकटे तेच. खरं लिहिलं तर पक्क्या नोकरीचं पत्र बहुधा येणार नाही. अक्का, तुम्ही घरात सगळ्यांत वडील. मी काय लिहावं, ते निरोपाने कळवा.

तुमची,
भव्या

ता. क. खरं काम राहिलंच. बाबांना दोन आठवडे सोंडूरला बोलावून घ्या. पडदे शिवायचे आहेत म्हणा, काहीही म्हणा. त्यांना यातलं काही ठाऊक नाही. कळलं तर माझा वर्दीतला फोटो घेऊन ते कारखान्याच्या फाटकाशी बसतील, आणि सुरक्षारक्षक फौजेतले माजी हवालदार आहेत, ते त्यांना आत सोडतील.

ता. क. २. वर सल्ला मागितला आहे, त्याची तसदी घेऊ नका. अहवाल काल सकाळीच दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘रंग लावण्याचा हुकूम माझा होता. रंगाऱ्यांनी दोनदा विचारलं, मी त्यांना गप्प केलं.’ खाली पूर्ण नावाने सही केली आणि एक प्रत नागनाथअण्णांना वाचून दाखवली.