मुक्या पिक्चरमध्ये मी बोलले

११ जानेवारी, रविवार
गुडघा आज बरा. लेकाच्या, नितीनच्या घराकडं यायचा रस्ता म्हणजे नुसता चढ, जोतिबाला निघाल्यासारखं वाटतं. ते असो. आज भारी मजा. नातीच्या, अन्वीच्या शाळेत जुन्या मुक्या पिक्चरचा अभ्यास चाललाय. शंभर वर्षांपूर्वीचे, इथलेच, जर्मन. पायाला लांब फळ्या बांधायच्या, बर्फावरून घसरायचं आणि पडायचं. नुसतं पडायचं! ती कॉम्प्युटरवर बघत होती, मी मागं वाटाणे सोलत बसलेले. नवरीचा ढेरपोट्या बाप, लग्नाचा कोट घालून, घसरत घसरत हॉटेलच्या स्वयंपाकघरातून आरपार. माझ्या तोंडून गेलंच, "अहो व्याही, पिठाचा डबा!" अन्वी फिस्सकन हसली.
तेरा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. मी आल्याला अडीच महिने झाले, दोघी एका गोष्टीला हसलो ते आज.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. तीळ भाजले तर छतावरची धुराची घंटा कोकलायला लागली. सूनबाई मृणाल खुर्चीवर चढून पुसायच्या फडक्यानं वारा घालतेय, मी खाली खुर्ची धरून. सगळी बिल्डिंग गोळा व्हायची बाकी होती.
संध्याकाळी अन्वी आपणहून कॉम्प्युटर घेऊन शेजारी बसली. ढेरपोट्याला मी आमच्या गावच्या तलाठ्याचा आवाज दिला. नाकातला. ती थांबवते, मागं नेते, "नोख माल, आजी!" म्हणजे पुन्हा म्हण. सात वेळा म्हटलं. घसा बसला. बसू दे.

१७ जानेवारी, शनिवार
शाळेनं मोठा हॉल घेतलाय, येत्या शुक्रवारी आणि शनिवारी तेच पिक्चर पडद्यावर. मृणाल म्हणाली, "अहो आई, तिनं स्वतः तुमचं तिकीट सांगितलंय." मी सांगितलं नव्हतं हो! लगेच रविवारी माझं परतीचं विमान. जांभळी साडी नेसेन, वरून नितीनचा कोट. दिसेल तसं दिसेल.

२३ जानेवारी, शुक्रवार
काय लिहू.
हॉल भरलेला. एक माणूस पडद्याखाली पियानो वाजवत होता. अन्वी माझ्या शेजारी. आमच्या तंबूच्या टॉकीजला सगळे बोलायचे, शिट्ट्या, हीरोला सल्ले. लोक गप्प बसले तर तंबूवाल्याचं तोंड उतरायचं. मला वाटलं पिक्चर मुका, आपणच बोलायचं, घरी तसंच तर करत होतो.
ढेरपोट्या झाडाकडं निघाला आणि मी ओरडले, "अहो व्याही, झाड!" माना वळल्या. कुणीतरी "प्स्स्ट" केलं. मला वाटलं दुसऱ्या कुणाला. परत बोलले, तलाठ्याच्या आवाजात. पियानोवाल्यानं पण वळून पाहिलं. पुढच्या रांगेत अन्वीच्या वर्गातल्या पोरी. एकीनं नाक दाबून माझी नक्कल केली. अन्वी अंधारातच उठली आणि पार कडेला जाऊन बसली. शेजारच्या खुर्चीवर तिचा मफलर राहिला, तो मी मांडीवर घेतला.
घरी बूट काढता काढता म्हणाली, "आजी, तू उद्या येऊ नकोस."
सगळं मराठीत. एक शब्द जर्मन नाही. तिच्या तोंडून अख्खं वाक्य ऐकायला तीन महिने कान लावून बसले होते मी.

२४ जानेवारी, शनिवार
गेले नाही. मृणाल तिला माफी मागायला लावत होती. म्हटलं, नको गं, ओढून आणलेली माफी गोड नसते. नितीन म्हणतो, "आई, वयच तसं असतं, विसरेल ती." मला पण विसरेल की, असं तोंडावर आलं होतं. गिळलं. बॅग भरली. बाथरूममध्ये नळ सोडून रडून घेतलं.

२५ जानेवारी, रविवार
विमानतळावर बसून लिहितेय. आत आले, आता कुणी नाही.
अन्वी येणार नाही वाटलं होतं. आली. गाडीत मागं माझ्याशेजारी, खिडकीकडं तोंड. अर्ध्या वाटेत तिनं मोबाईल काढला आणि दोघींच्या मध्ये धरला. तेच पिक्चर. ढेरपोट्या निघाला, मी पदर तोंडात कोंबला. तो पडला. अन्वी हसली नाही. तिचं लक्ष पडद्यावर नव्हतंच, माझ्याकडं बघत होती. मागं नेलं, परत लावलं. परत बघितलं.
मी बोलावं म्हणून, का बोलते की काय या भीतीनं, मला कळेना. तोंड उघडलं तर नितीन म्हणाला, "आई, आलं विमानतळ, पासपोर्ट हातात घे."