गोंद लावलेली वटवाघळं

डुलुथ,
२ नोव्हेंबर

ती. मार्लिसताईस,

कोरिनचा सा. न. वि. वि. नमस्कार रिवाज म्हणून केला आहे, मनापासून नाही, हे आधीच सांगून टाकते.

काल फोनवर तू, एवढं काय आभाळ कोसळलं, असं म्हणालीस आणि मी फोन आपटला. पुन्हा करणार नाही. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या टेसचं बाळंतपण म्हणून मी अ‍ॅरिझोनाला गेले. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. तू विचारलं नाहीस, तरी कळवते. तेवढ्या तीन आठवड्यांपुरते बाबा तुझ्या ताब्यात दिले होते. जेवण वेळेवर दे, गोळ्या चुकवू नको, एवढंच सांगितलं होतं. वटवाघळांना गोंद लाव, असं मी कुठे म्हटलं होतं गं?

तुला या घरातलं काहीच ठाऊक नसतं, म्हणून पहिल्यापासून सांगते. झटका आल्यानंतर बाबांची उजवी बाजू गेली, तेव्हा दवाखान्यातल्या बाईंनी बोटांना व्यायाम म्हणून प्लास्टिकचे जोडायचे ठोकळे दिले. ज्या माणसाने चाळीस वर्षं गावाचा बर्फ काढायचा ट्रक चालवला, तो पोरांचे ठोकळे बघून आधी चिडला. मग एक दिवस त्याने अंगठ्याएवढा भोपळा केला. मग भूत, मग कोळी, मग वटवाघूळ. दोरा बांधून दारात, खिडकीत, जिन्याच्या कठड्याला, दिव्याखाली सगळीकडे टांगलं. तेव्हापासून सप्टेंबर लागला की बाबा टेबलाशी बसतात, ते ऑक्टोबरअखेरच्या हॅलोवीनपर्यंत रोज एखादं नवं करतात. आणि हॅलोवीनच्या दुसऱ्या दिवशी मोडणी. गल्लीतली पोरं येतात, एकेक ओढून काढतात, ठोकळे सुटे करून रंगाप्रमाणे कॉफीच्या डब्यांत टाकतात आणि उरलेली चॉकलेटं खिशात कोंबून पळतात. पुढच्या सप्टेंबरात सगळं पुन्हा कोऱ्यापासून. बाबा वर्षभर त्याच्यावर जगतात, ताई.

काल मी बॅग घेऊन दारात आले, तेव्हा मोडणी चालू होती. तू तासाभरापूर्वीच निघून गेली होतीस. शेजारच्या हॅटीने एक वटवाघूळ ओढलं. निघेना. पिळलं, मग दातांनी धरलं. बाबा आधी हसले, आमची वटवाघळं यंदा चिवट दिसतात म्हणाले. मग त्यांनी ते स्वतः हातात घेतलं आणि नखाने उचकटायला गेले, तर पंख सांध्यात न सुटता मधोमध मोडला. आत वाळलेला गोंद दिसला. त्यांनी दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. नंतर पोरांना चॉकलेटं घेऊन घरी जायला सांगितलं आणि बंद टीव्हीसमोर जाऊन बसले.

आज ते टेबलाकडे फिरकले नाहीत. डबे तळघरात नेऊन ठेव म्हणाले. मी ठेवले. आता हा हात पुन्हा चालणार नाही, ताई. दवाखान्यातल्या बाईंनी बजावलं होतं की थांबला की थांबला. तुला त्यांना तुझ्या घराजवळच्या त्या वृद्धाश्रमात न्यायचंच होतं ना? मग घे, झालं तुझ्या मनासारखं.

कळावे. तुझी अजून तरी बहीण असलेली,
कोरिन

सेंट पॉल,
६ नोव्हेंबर

चि. कोरिन हिस,

मार्लिसचे अनेक उत्तम आशीर्वाद. टेसला आणि बाळाला पापा. फोनवर विचारणारच होते, पण त्याआधी कानात फोन आपटल्याचा आवाज आला.

तुझं पत्र वाचलं आणि माझी कॉफी गार झाली. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असा तुझा स्वभाव लहानपणापासून आहे, तेव्हा त्याचं नवल नाही. पण मला सांग, मोडणी नावाचा प्रकार मला कुणी कळवला होता? दरवर्षी तू एक फोटो पाठवतेस, खाली लिहितेस की बाबांची यंदाची भुतं. मला वाटायचं तीच भुतं दरवर्षी खोक्यातून काढून लावता, जशी सगळी दुनिया लावते. तू सांगायचं नाहीस आणि मला कळलं नाही म्हणून वर मलाच झोडपायचं! वा गं वा.

आता माझं ऐक. तू गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून ती पडायला लागली. संध्याकाळी बाबांनी लावलेलं वटवाघूळ सकाळी जमिनीवर. दार जरा जोरात लागलं की भोपळा खाली. तळघरातली घर तापवायची भट्टी सुरू होऊन गरम हवा आली की भुताचं डोकं एकीकडे, धड एकीकडे. एक अख्खा कोळी ओव्हनमधून नुकत्या काढलेल्या बटाट्याच्या हॉटडिशमध्ये पडला आणि मी तो चमच्याने उचलला. हसू नकोस. कारण दर वेळी बाबा ते उचलायला वाकत. मी धावत जाईपर्यंत वाकलेले असत, त्या पायावर. एकदा कपाटावर कलंडले. कोपर काळंनिळं झालं. तुला सांगू नको, अशी मला तंबी दिली, म्हणून मी तोंड शिवून बसले. मग ते चर्चमध्ये पुरुषांच्या न्याहारीला गेले तेव्हा मी गोंद आणला आणि एकेकाला लावत बसले. पुढे रोज नवं झालं की त्यालाही लावला. माझी दोन बोटं एकमेकांना चिकटली ती गरम पाण्यात धरून सोडवली. त्यांनी वाकू नये म्हणून केलं गं सगळं. वृद्धाश्रमाचं म्हणशील, तर ते मी तोंडावर सांगते, आजही सांगते, तिथे ते जास्त नीट राहतील. त्यासाठी मला चोरून वटवाघळं चिकटवायची गरज नाही.

आणि आता मला एक विचारायचं आहे. गोंद लावायला एकेक हातात घेतलं, तेव्हा बघितलं मी. तू गेल्यानंतर केलेल्यांचे ठोकळे एकमेकांत बसलेलेच नव्हते. नुसते कडेला टेकलेले. चार वर्षांचं पोर याहून जोरात दाबतं. मग मला सांग कोरिन, तू असताना ही भुतं जागची हलत नाहीत आणि मी आले की पटापट पडतात, हे कसं काय? वटवाघळांना माझं तोंड आवडत नाही, असं तर नाही ना? मला काय वाटतं ते मी लिहीत नाही. तूच लिही. आणि या वेळी खरं लिही.

लोभ आहेच, तो वाढावा.
तुझी,
मार्लिस

डुलुथ,
१० नोव्हेंबर

ती. मार्लिसताईस,

सा. न.

हो. दाबत होते. झालं समाधान?

गेल्या वर्षीपासून त्यांच्या अंगठ्यात जोर उरलेला नाही. ठोकळ्यावर ठोकळा ठेवतात, वर अंगठा टेकवतात, आणि त्यांना वाटतं की बसला. रात्रभर तो केसाच्या आधाराने लटकतो. सकाळी बाबा अंघोळीला गेले की मी खोल्याखोल्यांतून फिरते आणि एकेक घट्ट दाबते. ते बाहेर येतात, सगळं जागच्या जागी बघतात आणि न्याहारीला दोन अंडी जास्त खातात. मी काय त्यांना सांगायला हवं होतं, की बाबा, तुमच्याने होत नाही? तू सांगितलं असतंस. तुला जमतं ते. वर्षातून दोनदा पायधूळ झाडायची आणि खरं बोलून निघून जायचं.

तुला का नाही कळवलं, हेही ऐक. कळवलं असतं तर पुढच्याच आठवड्यात तू गाडी घेऊन दारात उभी राहिली असतीस, त्यांच्या कपड्यांची बॅग भरायला. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी ती झाकून ठेवली आणि तू तीन आठवड्यांत तिला गोंद फासलास. अ‍ॅरिझोनाला जाताना वाटलं होतं, आहेत ती मी दाबून ठेवली आहेत, तेवढी टिकतील. नवी पडतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. नातीला मांडीवर घेऊन बसले होते ना, म्हणून नाही आलं. आता माझाच मला इतका राग येतो की काल भांडी घासताना बशी फोडली.

अजून ते टेबलाशी गेलेले नाहीत. माझ्याशी बोलतात ते फक्त मीठ दे, दिवा लाव, एवढंच. दुपारभर खिडकीत बसून पोस्टमनची वाट बघतात, बाकी काही नाही. माझी एकच विनंती आहे. मी दाबत होते हे त्यांना कधीही कळता कामा नये. कळलं तर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होईल. हे पत्र वाचून शेगडीत टाक.

कोरिन

डुलुथ,
१२ नोव्हेंबर

चि. मार्लिस व चि. कोरिन यांस,

आर्विड लिंडक्विस्ट, म्हणजे तुमचा बाप, याचे अनेक आशीर्वाद. दोघींना एकच मजकूर दोन पाकिटांत घालून पाठवतो आहे. कोरिन, तू शेजारच्याच खोलीत आहेस, पण तुलाही टपालानेच पाठवतो. या घरात खरं फक्त टपालाने येतं, असं दिसतंय.

अक्षर डाव्या हाताचं आहे. वाचता येत नसेल तर दोनदा वाचा. सुधारून पुन्हा लिहून काढू नका.

परवा, कोरिन, तू मार्लिसला लिहिलेलं पत्र दाराबाहेरच्या पेटीत होतं, पोस्टमनने न्यावं म्हणून लाल निशाण वर करून ठेवलेलं. मी पोस्टमनच्या आधी पोचलो आणि फोडलं. दुसऱ्याचं पत्र फोडू नये हे मीच तुम्हाला शिकवलं, ठाऊक आहे. पण पेटी माझी आहे आणि त्या पत्रातला अंगठाही माझा आहे. वाचून झाल्यावर मार्लिसच्या गोंदाने पाकीट परत चिकटवलं. गोंद चांगला आहे.

त्यात मला नवं काहीच कळलं नाही. कोरिन, मला अर्धांगाचा झटका आला होता, अकलेचा नाही. संध्याकाळी मी लावलेलं वटवाघूळ डुगडुगत असतं आणि मी अंघोळ करून आलो की ते खडकासारखं घट्ट. घरात भुतं खूप आहेत, पण ती मीच केलेली आहेत आणि मी त्यांना हात बसवलेले नाहीत. मला गेल्या वर्षीच कळलं. वाटलं, पोरीला बरं वाटतंय तर आपण कशाला बोला. म्हणजे तू माझं मन राखायला भुतं दाबत होतीस आणि मी तुझं मन राखायला टबात बसून राहत होतो. पाणी गार होईपर्यंत बसलो आहे मी, तुझ्या फेऱ्या पुऱ्या व्हाव्यात म्हणून. ऑक्टोबरात शिंका कशामुळे येत होत्या, ते आता समजून घे. आणि ती जास्तीची अंडी थंडी वाजायची म्हणून खात होतो.

मार्लिस, तुझं पत्रही पेटीतून मीच आधी काढून वाचलं होतं. तू कोपराचं सांगितलंस, दिलेला शब्द मोडून. असो. माझ्या पाठीमागे बसून माझ्या कामावर गोंद ओतलास. मला विचारलं असतंस, तर मोडणीचं सांगितलं असतं. तू विचारत नाहीस, तू करून मोकळी होतेस. तू नोकरी करायचीस त्या शाळेच्या ऑफिसात ते चालायचं, माझ्या स्वयंपाकघरात चालणार नाही.

त्या दिवशी पंख मोडला तेव्हा मला खूप राग आला. कोरिनला वाटलं की मी खचलो. खचलो नव्हतो, संतापलो होतो. एक पोरगी दाबते, दुसरी चिकटवते. मग मी टेबलाशी बसून करायचं काय? माझा एक हात झटक्याने नेला आणि उरलेलं काम तुम्ही दोघींनी मायेने नेलंत. झटक्याचं मी समजू शकतो, त्याला अक्कल नसते. दहा दिवस टीव्हीसमोर बसून हेच घोकत होतो आणि टीव्ही लावायचंसुद्धा भान नव्हतं.

आज कोरिन बाजारात गेली तेव्हा मी तळघरात उतरलो. पायऱ्यांवर बसून, एकेक पायरी खाली सरकत. ओरडू नका, झालं आता. काळ्या ठोकळ्यांचा डबा कोटाच्या आत घालून वर आणला, तोही तसाच बसत बसत. डाव्या हाताने वटवाघूळ केलं. दाबलं, जितकं दाबता आलं तितकं. वटवाघूळ म्हणून केलं, पण ते बुटासारखं दिसतंय. हॅलोवीन संपला आहे, शेजारी आता थँक्सगिव्हिंगच्या टर्कीची तयारी करतायत आणि मी वटवाघूळ टांगतोय, लोक हसले तर हसू देत. कोरिन, ते तुझ्याच खोलीच्या दारात लावलं आहे. दुपारपर्यंत एकदा पडलं. उचललं, जोडलं, परत लावलं.

ते पुन्हा पडेल. रोज पडेल. पडलं की तिथेच पडू द्यायचं, त्याच्या अंगावरून जायचं. दाबायचं नाही, चिकटवायचं नाही, धावत यायचं नाही. मी वाकेन. वाकताना पडलो तर उठेन, उठता आलं नाही तर हाक मारेन. आवाज अजून शाबूत आहे, गल्लीला विचारा. ज्या दिवशी वाकता येणार नाही, त्या दिवशी मार्लिसच्या घराजवळच्या त्या वृद्धाश्रमात मी आपल्या तोंडाने जागा मागेन. तोवर त्याविषयी कुणी बोलायचं नाही, आणि माझ्याआड एकमेकींना पत्रंही लिहायची नाहीत.

तुमचा माझ्यावर लोभ आहे, हे मला पुरेपूर ठाऊक आहे. तो जरा कमी असावा, ही विनंती.

तुमचा,
बाबा