एकच पिशवी उरली होती

९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची सवय आहे म्हणून लिहिलं. जेवते, झोपते, वेळेवर रक्तपेढीत जाते. परवा शिबिरात एका कॉलेजच्या पोरीला सुई बघूनच चक्कर आली. सगळे हसले, मीही हसले. मग लक्षात आलं, नुसतं तोंडच हसतंय.

तुझे गुडघे कसे आहेत? गोळ्या चुकवू नकोस.

काल मामी भेटली. म्हणाली, "तुझी ताई सगळ्यांना ठणकावून सांगते, माझ्या बहिणीला बोल लावू नका, कॉम्प्युटरनं तिचे हात बांधले होते." ते ऐकलं आणि लिहायला बसले.

ती कॉम्प्युटरवरची ब्लॉकचेनची नोंदवही आमच्या पेढीत मीच हट्टानं आणली. आधी रक्त ओळखीवर मिळायचं. कुणातरी साहेबाचा फोन यायचा, की एकाची पिशवी दुसऱ्याच वॉर्डात जायची आणि कागदावर मागाहून सगळं सरळ व्हायचं. आता प्रत्येक पिशवीची नोंद सगळ्या हॉस्पिटलांकडे एकदमच जाते, ती कुणालाही गुपचूप बदलता येत नाही. ज्याची गरज मोठी, त्याचा नंबर आधी. भाऊजी तेव्हा कौतुकानं म्हणाले होते, "चिंगे, आता तुझा वशिला बंद!"

त्या दिवशी भाऊजींच्या रक्तगटाची एकच पिशवी उरली होती. त्यांच्या पोटात रक्त साचत होतं. दुसऱ्या हॉस्पिटलात एक बाई बाळंत झाली होती, तिचं रक्त थांबत नव्हतं. तिचा नंबर वर लागला. इथपर्यंत तुला ठाऊक आहे.

माझे हात बांधलेले नव्हते, ताई. अडीअडचणीला क्रम बदलता येतो. पेशंटच्या डॉक्टरची आणि पेढीच्या वतीनं माझी, अशा दोन मंजुऱ्या लागतात. भाऊजींच्या डॉक्टरांचा फोन आला होता.

"मी माझी मंजुरी देतो. तुम्ही देता?"

"सर, तुमच्या पेशंटला थोडं थांबता येईल?"

"कदाचित."

"आणि त्या बाईला?"

ते भाऊजींचाच रिपोर्ट पुन्हा वाचून दाखवू लागले. मी म्हटलं, "मग नको."

"अहो, ते तुमच्या बहिणीचे यजमान आहेत ना?"

"म्हणूनच तुम्ही मला विचारताय, सर."

फोन ठेवला आणि पिशवी बर्फाच्या खोक्यात भरून रवाना केली. भाऊजींसाठी दुसऱ्या गावाहून रक्त मागवलं. ते वाटेत असतानाच तुझा फोन आला. "चिंगे, राहू दे आता तुझं रक्त," एवढंच तू म्हणालीस.

ती बाई वाचली. पडद्यावर तेवढंच कळतं, नाव दिसत नाही.

मला अजून रडू आलेलं नाही. पुन्हा तशीच वेळ आली, तर मी तेच करीन. हे लिहिताना एक शब्दही खोडावा लागला नाही, त्याचीच भीती वाटते. पण तू माझी बाजू घेऊन लोकांशी भांडतेस, ते मला सोसवत नाही. भांडायचंच असेल तर माझ्याशी भांड.

रविवारी येते. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव. मी पायरीवर बसेन.

अजून म्हणू देशील, तर तुझीच,
चिंगी