गुंजीला कोणी तोलू नये

मी, सोमेश्वर रखमाजी फदाट, वय वर्षे चोपन्न, धंदा वजनकाटे दुरुस्ती, मूळ गाव केदारखेडा, तालुका भोकरदन, हल्ली राहणार जाफराबाद, जिल्हा जालना, हे मृत्युपत्र माझ्याच टेबलावर, माझ्याच हाताने, सकाळचा चहा झाल्यावर लिहून ठेवतो. शिक्षण आठवी, पुढचे सगळे काटे खोलून आणि पुस्तके वाचून. कोणी बळजबरी केलेली नाही. नशापाणी आयुष्यात केलेले नाही. डोके ठिकाणावर आहे असा डॉ. राजानंद साळवे यांचा दाखला सोबत टाचला आहे. त्यांनी कलम चौथे वाचून माझ्याकडे दोनदा पाहिले, पण दाखला दिला.

येत्या सोमवारी छत्रपती संभाजीनगरला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. शंभरातले सत्त्याण्णव पेशंट चालत घरी येतात म्हणतात. मी काट्याचा माणूस आहे. उरलेल्या तिघांसाठी हा कागद.

कलम पहिले. राहते घर, त्यातले सामान आणि बँकेत जे काही असेल ते सर्व माझी पत्नी नंदाबाई हिचे. यात कोणी बोट घालू नये. सत्तावीस वर्षे तिने माझ्या हातचे स्क्रू, स्प्रिंगा आणि मोजून दिलेली चहापत्ती सहन केली. गेल्या वर्षी तिच्या गुडघ्याचे दुखणे चालू असताना मी आमच्या पाळलेल्या गुंजीला तपासायला गाडी करून शहरात नेले, तेव्हा ती म्हणाली होती, "पालीला डॉक्टर, अन् मला बामची बाटली." हे बोलणे रास्त होते. तिच्या गुडघ्याचे आधी बघावे, असे मुलीला बजावतो.

कलम दुसरे. माझी मुलगी आकांक्षा हैदराबादला नोकरीला आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिने करावी. तिला माझी पुस्तके आणि दोन्ही शब्दकोश. इंग्रजी शब्दकोशाची पाने कोपऱ्याला दुमडलेली आहेत. ती सरळ करू नयेत, तिथवर माझे शिक्षण झालेले आहे.

कलम तिसरे. पितळी प्रमाण वजनांची पेटी माझ्याच धंद्यातला प्रतिस्पर्धी सर्जेराव यास द्यावी. हा डिप्लोमावाला. बाजारात मला 'आठवी पास इंजिनिअर' म्हणतो. त्या बोलण्याची मी माफी देत नाही. परंतु तालुक्यात वजनाला उघड्या हाताने शिवायचे नसते, घामाने पितळ खराब होते, हे माझ्याशिवाय त्यालाच माहीत आहे. एकदा एका कापूस व्यापाऱ्याने आम्हा दोघांनाही काटा क्विंटलमागे दोन किलो कमी दाखवेल असा करून मागितला होता. सर्जेरावने माझ्याही आधी नाही म्हटले. म्हणून पेटी त्याचीच.

कलम चौथे. हे मुख्य कलम आहे. सावकाश वाचावे.

गुंजी ही आफ्रिकेतल्या जाड शेपटीच्या पालीच्या जातीची मादी. भिंतीवर चढत नाही. डोळ्यांना पापण्या आहेत, त्या मिटून झोपते. अंगावर चॉकलेटी आणि दुधी पट्टे. आकांक्षाच्या मैत्रिणीची होती; ती मैत्रीण परदेशी गेली आणि दोन वर्षांपूर्वी गुंजी आमच्याकडे आली. कागदपत्रे निळ्या फाईलीत आहेत. ती आपली चरबी शेपटीत साठवते, उंटासारखी. इतक्या लहान जिवात इतकी चोख व्यवस्था मी कोणत्याही कंपनीच्या काट्यात पाहिलेली नाही.

दर रविवारी मी तिला सोनाराच्या काट्यावर घेत असे. वजन अठ्ठावन्न ग्रॅम, कधी अर्धा इकडे, अर्धा तिकडे. गेल्या नोव्हेंबरात ते छप्पन्न भरले. मी काटा तपासला. काटा बरोबर होता. मग रोज वजन घ्यायला लागलो. चोपन्न. मग सकाळ-संध्याकाळ. एक्कावन्न. मग प्रत्येक घासाच्या आधी आणि नंतर. ती राहते त्या पेटीतली उष्णता बत्तीस अंश ठेवली. रातकिडे कॅल्शियमच्या पुडीत घोळवून दिले. शहरातल्या डॉक्टरांनी विष्ठा तपासली. जंत नाहीत म्हणाले. संक्रांतीला ती एकेचाळीस ग्रॅम होती. शेपूट करंगळीहून बारीक. मी हात पुढे केला की अंग चोरून कोपऱ्यात जायची. त्याच आठवड्यात माझ्या झडपेचा रिपोर्ट आला. खरे सांगतो, मला त्या रिपोर्टपेक्षा एकेचाळीसचा आकडा जड गेला.

रिपोर्ट कळल्यावर केदारखेड्याहून दैवशाला वहिनी आल्या. या माझ्या थोरल्या भावाच्या, कल्याणदादाच्या पत्नी. आमच्या घरांचे जाणे-येणे नऊ वर्षे बंद होते. त्याचे कारण इथे लिहितो, कारण ते या कलमाचाच भाग आहे.

आई गेल्यावर, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, मी तिची भांडी वाटायला काटा घेऊन गावी गेलो. दोन वाटे बराबर व्हावेत, मागे बोलणे राहू नये, एवढाच हेतू. तांब्याचा हंडा चार किलो तीनशे दहा. पितळी पातेली दुसऱ्या बाजूला. शेवटी एक पळी इकडची तिकडे केली तेव्हा वाटे जमले. हंडा माझ्या वाट्याला आला. दादा ओसरीवरून बघत होता. म्हणाला, "आईची भांडी मोडीत घालायला आल्ता का रे तू?" मी म्हणालो, काटा खोटं बोलत नाही. ते खरेच होते. पण ते तिथे बोलायचे नव्हते, हे कळायला मला नऊ वर्षे लागली.

तर वहिनी कोणी न बोलावता आल्या. हातात पिशवी, पिशवीत नंदाबाईसाठी कुळीथ. या बाईने वयाच्या पन्नाशीत एक एकर तुती लावून रेशमाच्या अळ्यांची शेड उभी केली आहे. जालन्याच्या कोषबाजारात त्यांचा माल आला की व्यापारी आधी तिकडे वळतात, असे मी परक्यांच्या तोंडून ऐकत होतो आणि गप्प बसत होतो. आज लिहून देतो की ऐकून मला अभिमान वाटत असे.

दोन दिवस त्यांनी माझे वजन घेणे नुसते पाहिले. तिसऱ्या दिवशी विचारले, हे सुरू झाले तेव्हा ती कात टाकत होती का. मी वही काढली. होती, नोव्हेंबरच्या दोन तारखेला रंग फिकट पडल्याची नोंद माझ्याच अक्षरात होती. तेव्हा त्या जे म्हणाल्या ते शब्दशः देतो.

"भाऊजी, अळी कात टाकायला बसली की खात न्हाई. आमी शेडमंदी पाऊलबी हळू टाकतो. तवा जो हात लावंल त्याची बॅच गेली. तुमी हिला जेवू घालून राह्यले का तोलून राह्यले?"

मी म्हणालो, वजन घेतल्याशिवाय कळणार कसे.

"शेपूट बघा की. तुमच्या आईनं तुमाला तोलून वाढवलं व्हतं का?"

मी वही पुन्हा पहिल्यापासून वाचली. दोन ग्रॅम कातीपायी गेले होते, ते आपले आपण भरून आले असते. बाकीचे पंधरा ग्रॅम मी घालवले. दिवसातून सहा वेळा उचलून थंड स्टीलच्या ताटलीवर ठेवले तर कोणता जीव जेवेल? शहरातल्या डॉक्टरांनी विचारले होते, जास्त हाताळता का. मी म्हणालो होतो, फक्त वजनापुरते. त्यांनी ते मान्य केले, कारण मी ठामपणे बोलतो.

वहिनींनी पेटीवर आपल्या जुन्या साडीचा तुकडा टाकला. जाताना काट्याचा अडॅप्टर पिशवीत घालून केदारखेड्याला घेऊन गेल्या. चार दिवसांनी जीपवाल्याच्या हाती डबा आला. आत तुतीची पाने आणि वीस अळ्या. निरोप होता की संध्याकाळी दोन ठेवायच्या आणि खोलीबाहेर जायचे. मी गेलो. बाहेर नंदाबाई म्हणाली, "तुम्हाला बाळंतपणाच्या वेळी दवाखान्याबाहेर एवढं घाबरलेलं पाहिलं नव्हतं."

पाचव्या संध्याकाळी परत आत गेलो, तेव्हा ठेवलेल्या दोनपैकी वाटीत एकच अळी उरली होती. आज शेपूट माझ्या अंगठ्याएवढे आहे. किती ग्रॅम ते मला माहीत नाही. धंद्याच्या तीस वर्षांत असे प्रथमच झाले.

सबब, गुंजी, तिची पेटी, दिवा आणि निळी फाईल ही सर्व दैवशाला कल्याण फदाट यांना देत आहे; उद्यापासूनच, कारण मी वाचलो तरी तीन महिने मला पेटी उचलता येणार नाही. आकांक्षाची संमती घेतली आहे. पाण्याची वाटी रोज धुवावी, हे त्यांना सांगायची गरज नाही; सवयीने लिहिले.

गुंजीसोबत आईचा हंडा जाईल. त्याच्या बदल्यात काही घेऊ नये. पळीसुद्धा नको.

त्यांच्या घरात पाल चालेल का, ही मला धास्ती होती. आमच्याकडे पाल अंगावर पडली तर लोक कपड्यांसकट अंघोळ करतात. मी फोन करायचे धाडस केले नाही. वहिनींनाच विचारायला सांगितले. दादाचा निरोप काल आला, नऊ वर्षांतला पहिला: "पाल येऊ दे. फक्त तिच्यासंगं काटा आणू नको म्हणावं."

कलम पाचवे. म्हणून सोनाराचा काटा कोणालाही देत नाही. आकांक्षाने तो विकावा. अडॅप्टर केदारखेड्यातच राहू द्यावा.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, दोनदा वाचला, खाडाखोड नाही. ज्याला लाभ त्याची साक्ष नको म्हणतात, म्हणून वहिनींची सही घेतलेली नाही. पुढील दोघांनी मला सही करताना पाहिले आणि माझ्या व एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या.

सही: सोमेश्वर रखमाजी फदाट

साक्षीदार १: डॉ. राजानंद साळवे, जाफराबाद
साक्षीदार २: ज्योत्स्ना दळवी, शिक्षिका, शेजारी, जाफराबाद

ठिकाण: जाफराबाद
दिनांक: १८ फेब्रुवारी २०२६, बुधवार
गुंजीचे आजचे वजन: घेतले नाही. जेवली.