मोगऱ्याचा ताण

तळेगाव
६ डिसेंबर २०२४

ती. नानांस,
शि. सा. न. वि. वि.

माझ्या वडिलांच्या वर्षश्राद्धाला तुम्ही सगळ्या भावकीसमोर म्हणालात की या पोरीचा फोन मी घेणार नाही. म्हणून पत्र.

रविवारी काष्टीला येऊन मोगऱ्याची छाटणी मी स्वतः उभी राहून करून घेतली. झुडपं गुडघ्याएवढी ठेवली आहेत. आता ताण द्यायचा, म्हणजे जानेवारी संपेपर्यंत पाणी बंद. मोगरा सदाहरित आहे. पाणी मिळत राहिलं की पानंच काढत बसतो. उपाशी राहिला तर कळी धरतो. पानं पिवळी पडतील, गळतील. तसंच व्हायला हवं.

आईसमोर ठरलं ते पुन्हा लिहिते. लग्नसराईला फुलं आली तर वडिलांचा मोगरा राहील. नाही आली तर तुम्ही तो काढून ऊस लावाल. आमच्या विहिरीच्या मोटरची किल्ली तुमच्याकडे असते, एवढीच काळजी आहे.

लोभ असावा, पाणी नसावे.

आपली पुतणी,
राजनंदिनी


काष्टी
५ जानेवारी २०२५

चि. राजनंदिनीस,
नानाचे आशीर्वाद, पाहिजे असतील तर.

पत्र पोचलं. तुझी काकी म्हनली, ही पोरगी पत्र लिहिती का नोटीस देती? तुज्या मोगऱ्याची काटकं झाल्यात. शनिवारी बाजाराला जानारी मानसं बांधावर थांबून इचारत्यात, नाना, भाऊ गेला म्हनून त्याची बाग मारली का? मी काय सांगू? पुतनीनं झाडं उपाशी मारायची पदवी घेतली हाय? दावनीचं जनावर आन हातानं लावलेलं झाड आमी उपाशी ठेवत न्हाई. तुज्या बापानं ही रोपं पाटीत घालून डोक्यावर आनली, तवा तू हॉस्टेलात हुतीस. तुजं श्यानपन तिकडं प्लास्टिकच्या छपराखालच्या गुलाबांना शिकीव. त्यांचा पगार घेतीस.

लोभ हाय, पन तुज्यासारखा मापून न्हाई.

कानिफनाथ


तळेगाव
२४ मार्च २०२५

ती. नानांस,
नमस्कार.

आईने फोटो पाठवला. झुडपं हिरवीगार आहेत, कळी जवळपास नाही. पहिल्या तोडणीला परडीचा तळसुद्धा झाकला नाही. जानेवारीत पाऊस नव्हता, म्हणजे मोटर चालली. शेजारच्या झुंबरबाईने पाहिलं: आई जेवायला घरी गेली की तुम्ही खोरं घेऊन मोगऱ्याला पाणी भरत होतात. उसासाठी भरलंत की दया आली म्हणून, हे मी विचारत नाही. झाडाला दोन्ही सारखंच.

तुम्ही जिंकलात. नांगर घाला. बघायला मी येणार नाही.

लोभ कितपत आहे, ते मोटरीने सांगितलंच.

राजनंदिनी


काष्टी
२० नोव्हेंबर २०२५

चि. राजनंदिनीस,
आशीर्वाद.

आठ महिनं पत्र न्हाई. बापावर गेलीस. त्योबी असाच घुम्या हुता.

पाडव्याला नांगर आनला हुता, पन फाळ मोडला. मग मानसं मिळंनात. मग पाऊस लागला. मोगरा हाय तिथंच हाय. वहिनी रोज वाटीभर फुलं देवापुढं ठेवती, तेवढ्यासाठी कुठं पुन्हा नांगर आनायचा?

आता छाटनीचा वकुत आला. सोबत मोटरची किल्ली पाठवतोय. ती माज्याकडं ऱ्हायली तर माजं हात ऐकनार न्हाईत. सुकलेलं झाड बघून मला भाकर जात न्हाई. ह्यावरबी तुज्या पुस्तकात काय औशिद असलं तर कळीव.

लोभ ठिवायचा का न्हाई, ते तुजं तू बघ.

नाना


तळेगाव
२७ नोव्हेंबर २०२५

ती. नानांस,
शि. सा. न. वि. वि.

किल्ली पोचली. फाळ मोडल्याचं गावात कुणालाच माहीत नाही, असं आई म्हणते. मी खोलात जाणार नाही.

रविवारी छाटणीला येते. औषध एकच आहे: पानं पिवळी पडायला लागली की बांधावरून जाऊ नका. घोडेगावच्या बाजारात बैल बघत बसा. पाणी सोडायच्या दिवशी बोलावीन, तेव्हा खोरं घेऊन या. पहिलं पाणी तुम्हीच भरा.

फोन अजूनही करू नका. पत्रात तुम्ही जरा बरे वाटता.

लोभ असावा. पाण्याचं मी बघते.

राजनंदिनी